सायकलीस कुलूप कोणतें घालावें?

संसारांत ज्या वस्तू फारसा विचार न करतां विकत घेतल्या जातात, त्यांत सायकलीच्या कुलपाचा क्रमांक बराच वर लागेल. सायकल घ्यावयाची म्हटली कीं घरांतील चार माणसें चार दुकानें हिंडतात. रंग, गिअर, टायर, सीट यांवर वादविवाद होतात. आणि पैसे मोजून झाल्यावर दुकानदार फळीवरचें हातास येईल तें एक कुलूप काढून पिशवींत टाकतो, त्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. आम्हींहि असेंच केलें होतें. त्याचा परिणाम काय झाला तें सांगावें, आणि त्यावरून उतारवयांत आम्हांस जें शिकावें लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें कुटुंब पुण्यांत, पूर्वींच्या वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या एका चार मजली इमारतींत राहतें. २०२३ च्या जून महिन्यांत धाकटा नातू नववींत गेला, तेव्हां शिकवणीस जाण्यायेण्याच्या सोयीसाठीं त्यास १८,००० रुपयांची एक हलकी, गिअरची सायकल घेऊन दिली. कुलूप १५० रुपयांचें. म्हणजे सायकलीच्या किंमतीचा एकशेंविसावा हिस्सा. करंगळीएवढी जाड, वरून प्लास्टिकचें वेष्टन असलेली तार आणि तिला तीन आंकडे जुळवून उघडावयाचें टाळें. सायकल रात्रीं जिन्याखालीं ठेवीत असूं. ऑगस्टमधील एका सकाळीं ती जागेवर नव्हती. फरशीवर तारेचे दोन तुकडे पडले होते.

तासाभरांत साऱ्या इमारतीचें एकमत झालें, कीं हें काम खालीं गाड्या पुसणाऱ्या मुलाचेंच असलें पाहिजे. तो पहाटे येतो, कोणती वस्तु कोठें असते हें त्यास ठाऊक असतें, आणि सायकलीभोंवतीं तो दोनदां घुटमळतांना दिसला होता. एवढाच काय तो पुरावा. त्या मुलाची आई आमच्याच घरीं भांडीं घासते. आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं पोरास वर बोलावून चार प्रश्न विचारले. मारहाण झाली नाहीं, अपशब्दहि निघाला नाहीं. परंतु प्रश्नांचा रोख लपणारा नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती आमच्याकडे पाहून म्हणाली, “आजोबा, तुमी तरी सांगा कीं ह्यांना.” तेहतीस वर्षें वर्गांत उभें राहून ‘पुराव्यावांचून कोणास चोर म्हणूं नये’ असें सांगत आलों, ते आम्ही त्या वेळीं खुर्चीवर बसून राहिलों व एक शब्दहि बोललों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं समोरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यांतील चित्र पाहावयास मिळालें. पहाटे तीनच्या सुमारास मोटारसायकलवरून दोन तरुण आले. एक आंत गेला, आणि मिनिटाच्या आंत सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आला, मागच्या सीटवर बसला, आणि दोघेहि निघून गेले. दोघांपैकीं कोणीहि आमचा गाड्या पुसणारा मुलगा नव्हता. फिर्याद नोंदविली, सायकल अद्याप मिळालेली नाहीं. आम्ही व चिरंजीव त्या माउलीच्या घरीं जाऊन क्षमा मागून आलों. ती कामावर परत आली. मुलगा मात्र आला नाहीं. त्यानें दुसऱ्या गल्लींत काम धरलें.

संस्कृत शिकलेल्या माणसास अशा वेळीं मृच्छकटिक आठवावयास हवें. देवलांच्या नाटकामुळें ही कथा मराठी घरांसहि परकी नाहीं. तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घरास भोंक पाडतो, तो प्रसंग ह्या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखा आहे. शर्विलक आधीं हत्यार काढीत नाहीं. आधीं भिंत पाहतो. पाण्यानें ओल येऊन ती कोठें सैल झाली आहे, क्षारानें विटा कोठें खाल्ल्या गेल्या आहेत, आवाज कोठें होणार नाहीं, कोणाची दृष्टि कोठें पडणार नाहीं, ह्याचा तो आधीं विचार करतो. माप घेण्याची दोरी विसरला म्हणून गळ्यांतील जानव्यानेंच तो काम भागवितो, ही त्यांतली थट्टा. परंतु थट्टा बाजूस सारली तरी बोध उरतोच. चोर आधीं निरीक्षण करतो व मग चोरी करतो. तेंच निरीक्षण मालकानें त्याच्या आधीं केलें, तर पुष्कळ चोऱ्या व्हावयाच्या नाहींत.

त्याच अंकांत आणखी एक गोष्ट आहे. चोरी झाल्याचें कळतांच चारुदत्तास दागिने गेल्याहून अधिक दुःख होतें तें निराळेंच. आपण दरिद्री, तेव्हां चोरी झाली हें खरें असूनहि त्यावर कोण विश्वास ठेवील? ज्याच्याजवळ पैसा नाहीं, जगाचा संशय आधीं त्याच्यावरच जातो. हा अंक आम्हीं किती वेळां वाचला असेल. पण जिन्याखालच्या त्या सकाळीं तो आम्हांस आठवला नाहीं.

असो. आतां कुलपाकडे वळूं.

कुलूप म्हणजे नेमकें काय, हें समजण्यासाठीं एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप ठेविलेलें असे, व तें किल्लीवांचून उघडून दाखवील त्यास २०० गिनी देण्याचें जाहीर आव्हान होतें. सुमारें साठ वर्षें तें कोणास उघडलें नाहीं. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठीं आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज ह्या अमेरिकन कारागिरानें तें अखेर उघडलें. परंतु त्यास १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तात्पर्य, न उघडणारें कुलूप जगांत नाहीं. कुलूप म्हणजे विकत घेतलेला वेळ होय. चोराजवळ जितका वेळ असेल त्याहून थोडा अधिक वेळ ज्या कुलपास लागतो, तें त्या जागेपुरतें चांगलें कुलूप. म्हणून ‘सर्वांत उत्तम कुलूप कोणतें?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आमच्या जागीं, आमच्या चोरास पुरून उरेल असें कुलूप कोणतें?’ हा खरा प्रश्न होय.

त्याचें उत्तर काढण्यासाठीं स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या.

पहिली गोष्ट, आपल्या भागांत काय चोरीस जातें व कसें? हें कळण्यास कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्त करणाऱ्याइतका जाणता माणूस दुसरा नाहीं. कारण ज्याची सायकल जाते तो कांहीं दिवसांनीं दुसरी घेऊन त्याच्याच दुकानीं येतो. शेजाऱ्यांसहि विचारावें, आणि मागें काय उरलें होतें तें मुद्दाम विचारावें. कापलेली तार उरली असेल, तर चोर पक्कड घेऊन आला होता. कांहींच उरलें नसेल, तर सायकल कुलपासकट उचलून नेली. म्हणजे ती कशालाहि बांधलेली नव्हती. नुसतें चाक किंवा सीट गेली असेल, तर तेथला चोर सुट्या भागांचा गिऱ्हाईक आहे. मागें उरलेलें कुलूप हेंच ह्या विषयांतलें खरें पाठ्यपुस्तक.

दुसरी गोष्ट, सायकल किती वेळ व कोणाच्या नजरेखालीं उभी राहते? आमच्या तरुणपणीं पुण्यास सायकलींचें शहर म्हणत. चित्रपटगृहापाशीं सायकल लावली कीं स्टँडवाला पत्र्याचा बिल्ला हातांत देई, व बिल्ल्यावांचून सायकल हलूं देत नसे. त्या माणसाची नजर हेंच निम्मे कुलूप होतें. ती नजर आतां बहुतेक ठिकाणीं राहिली नाहीं. भाजी घेण्यापुरतीं पांच मिनिटें दुकानासमोर लावलेली सायकल, दिवसभर स्टेशनाबाहेर उभी असलेली सायकल, आणि रात्रभर जिन्याखालीं असलेली सायकल, ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र घरच्या जागेस सर्वांत सुरक्षित समजतों. वास्तविक तेथेंच चोरास सहा तास मिळतात व पाहणारें कोणी नसतें.

तिसरी गोष्ट, सायकल कोणती? १९७७ सालीं आम्हीं जुन्या बाजारांतून घेतलेली काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरत असे. तिच्या मागच्या चाकास कड्याचें कुलूप होतें. किल्ली फिरविली कीं कडें आऱ्यांमधून आरपार जाई व चाक फिरेनासें होई. तें पुरत असे, कारण तेवढें धूड खांद्यावर घेऊन भर वस्तींतून जाणाऱ्याकडे दहा माणसें पाहत. हल्लींच्या ॲल्युमिनियमच्या सायकली बारा-चौदा किलोंच्या असतात व त्या एका हातानें उचलतां येतात. सायकल पालटली, पण आमची कुलपाविषयींची समजूत काळ्या सायकलीच्या काळांतच राहिली.

आतां कुलपांचे प्रकार पाहूं. कड्याचें कुलूप चाक अडवितें, सायकल अडवीत नाहीं. नजरेसमोरच्या पांच मिनिटांपुरतें तें उत्तम. त्याहून अधिक अपेक्षा त्याकडून करूं नये. २०१७ च्या डिसेंबरांत पुण्यांत भाड्याच्या सायकलींची नवी योजना सुरू झाली, तेव्हां त्या सायकलींच्या चाकांस मोबाइल फोननें उघडणारीं कुलपें होतीं. कुलूप नव्या विद्येचें. परंतु बांधणें जुनेंच, चाकापुरतें. त्या योजनेंतहि चोरीच्या व मोडतोडीच्या तक्रारी येऊं लागल्याच. सायकल कोठें आहे हें सांगणें निराळें आणि तिला धरून ठेवणें निराळें.

तारेचें कुलूप हलकें, स्वस्त व दिसावयास भरीव असतें. पण तो भरीवपणा बहुतांशीं प्लास्टिकचा. आंतील तार बारीक तंतूंची वळलेली असते व चांगल्या कातरीपुढें ती कांहीं क्षणच टिकते. मुख्य कुलूप म्हणून तें घेऊंच नये. पुढचें चाक किंवा सीट बांधण्यास दुय्यम म्हणून चालेल.

आंकड्यांच्या टाळ्याचा हिशेब आमच्यासारख्या मास्तरानें आधींच करावयास हवा होता. तीन चक्रें म्हणजे १,००० जुळण्या. एका जुळणीस दोन सेकंद धरले, तर सारें प्रकरण सुमारें ३३ मिनिटांत संपतें. चार चक्रें असल्यास १०,००० जुळण्या व साडेपांच तास. परंतु मुलें घाईंत एकच चक्र एक घर सरकवून निघून जातात, आणि मग हा सारा हिशेब फुकट जातो. शिवाय हलक्या प्रतीचीं टाळीं नुसत्या बोटांच्या स्पर्शानें उघडणारेहि आहेत. ज्या घरांत किल्ल्या वारंवार हरवतात तेथें हें टाळें सोयीचें, एवढेंच त्याच्या बाजूनें म्हणतां येईल.

सांखळी घ्यावयाची तर ती टणक केलेल्या पोलादाची आहे कीं नाहीं, हें पाहावें. साध्या लोखंडाची सांखळी कितीहि जाड दिसली तरी लोखंडी करवतीपुढें नरम पडते. आठ मिलिमीटर जाडीची पोलादी कडी किरकोळ हत्यारांस दाद देत नाहीं. मोठ्या कातरीपुढें टिकाव धरावयाचा तर चौदा-सोळा मिलिमीटर लागतात, पण अशी सांखळी रोज बरोबर वागविणें जड जातें. म्हणून जड सांखळी घरच्या जागीं कायमची ठेवावी हें बरें. यू अक्षराच्या आकाराचें पोलादी कुलूप बरोबर नेण्यास सोयीचें. त्याचा दांडा निदान तेरा मिलिमीटर जाड असावा, आणि तें शक्य तेवढें लहान घ्यावें. कारण यूच्या पोटांत जागा रिकामी राहिली कीं तींत पहार घालून तें फाकवितां येतें.

टाळ्याचा किल्लीकडील भागहि दुर्लक्षूं नये. अमेरिकेंत २००४ सालीं असें उघडकीस आलें, कीं एका नामांकित कंपनीचीं गोल नळीच्या किल्लीचीं महागडीं कुलपें साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनें उघडतात! कंपनीस तीं बदलून द्यावीं लागलीं. दांडा पोलादाचा आणि टाळें पेनानें उघडणारें, असा प्रकार नसावा. ब्रिटनमध्यें सोल्ड सिक्युअर ही संस्था १९९२ पासून कुलपांची परीक्षा घेऊन त्यांस कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या देते. हल्लीं त्यांवर हिरा ही पायरीहि आहे. हॉलंडांत तारे देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या परदेशी कुलपांवर ह्या खुणा आढळतात व त्या पाहून घेणें चांगलें. मात्र त्या परीक्षा तिकडच्या चोरास समोर ठेवून घेतलेल्या असतात. तिकडे बॅटरीवर चालणारें ग्राइंडर घेऊनहि चोर येतो. शाळेपुरत्या जुन्या सायकलीस हिऱ्याची पायरी नको. नव्या, हलक्या व रात्रभर उघड्यावर राहणाऱ्या सायकलीस कांस्यावर भागणार नाहीं. सायकलीच्या किंमतीचा दहावा हिस्सा कुलपासाठीं राखून ठेवावा, असा ढोबळ नियम आतां आम्हीं केला आहे.

कुलूप चांगलें असून बांधणें वाईट असेल तर सर्व व्यर्थ. सायकल जमिनींत किंवा भिंतींत पक्क्या बसविलेल्या वस्तूस बांधावी. खांब बुटका असेल तर सायकल त्यावरून अलगद उचलून नेतां येते, हें विसरूं नये. कुलूप केवळ चाकांतून न घालतां सांगाड्याच्या नळींतून व मागच्या चाकांतून मिळून घालावें. नुसतें पुढचें चाक बांधल्यास, विशेषतः तें हातानें ढिलें करतां येण्यासारखें असल्यास, सकाळीं तेवढें चाकच आपल्यासाठीं शिल्लक राहतें. सांखळी जमिनीवर लोळूं देऊं नये. फरशीवर टेकवून तिच्यावर घाव घालणें किंवा कातरीवर पायानें जोर देणें सोपें जातें. किल्लीचें भोंक शक्यतों खालच्या बाजूस ठेवावें. त्यामुळें आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाचें पाणीहि आंत शिरत नाहीं. गंज चढलेलें कुलूप मालकास अडवितें, चोरास नव्हे. म्हणून पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस त्यांत शिशाच्या पेन्सिलींत असतें तें ग्राफाइट, भुकटीच्या रूपानें, थोडें सोडावें. दाट तेल घालूं नये, त्यास धूळ चिकटते.

सायकल घेतल्या दिवशींच तिचा सांगाड्यावरील क्रमांक लिहून ठेवावा. तो बहुधा पायट्यांच्या मधल्या जोडाखालीं किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो. पावती, एक छायाचित्र व दुसरी किल्ली हीं एकाच पाकिटांत घालून कपाटांत ठेवावीं. आम्ही फिर्याद देण्यास गेलों, तेव्हां क्रमांक विचारल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलों होतों. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांप्रमाणें हद्दीचा प्रश्न आड न येतां कोणत्याहि ठाण्यावर फिर्याद देतां येते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानें कळविल्यास तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. त्याच दिवसापासून भारतीय न्याय संहितेंत अशीहि तरतूद आली आहे, कीं चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किंमतीचा असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल, व त्यानें माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा व्हावी. पुष्कळ जुन्या सायकलींच्या चोऱ्या ह्यांत बसतील. पोटासाठीं किंवा मोहानें चुकलेल्या पोरास कायदाहि आतां एक संधि देऊं पाहतो. आम्हीं तर न चुकलेल्या पोरासहि ती दिली नव्हती.

नातवास आतां एक जुनी, साधी सायकल घेतली आहे. तिला कड्याचें कुलूप आहेच. शिवाय बरोबर नेण्यास तेरा मिलिमीटरचें यू कुलूप घेतलें आहे. इमारतीच्या बैठकींत आम्हीं विषय काढून जिन्याजवळच्या भिंतींत सिमेंटनें सहा लोखंडी कडीं बसवून घेतलीं, व घरच्या कड्यास जाड सांखळी कायमची लावून ठेविली. बैठकींत एकानें विचारलें, “बिऱ्हाडें पांच, मग सहावें कडें कशाला?” सहावें कडें इमारतींत कामास येणाऱ्यांच्या सायकलीसाठीं आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यांचीहि सायकल चोरीस जाऊं शकते, हें त्या दिवशींपर्यंत आमच्यापैकीं कोणाच्याच मनांत आलें नव्हतें.

कुलूप घालण्याचा खरा लाभ कोणता, असें आम्हांस कोणी विचारलें, तर सायकल वांचते हें आम्ही दुसऱ्या क्रमांकावर घालूं. चांगलें कुलूप चोराच्या मोहास आवरतें आणि आपल्या जिभेसहि आवरतें. चोरी झाली नाहीं म्हणजे संशय घेण्याची पाळी येत नाहीं. आणि संशयाची पाळी आली नाहीं म्हणजे ज्याच्यापाशीं स्वतःच्या निर्दोषपणाची साक्ष देणारें कोणी नाहीं, अशा गरिबास आपल्या दारांत उभें राहून प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागत नाहींत. तेव्हां वाचकहो, पुढच्या वेळीं सायकल घेतांना दुकानदाराच्या फळीवरचें कुलूप डोळे मिटून पिशवींत टाकूं नका. आधीं आपला जिना पाहा, आपली गल्ली पाहा, आणि मग कुलूप निवडा.